घोडा ‘गावाला पाठवला’ म्हणजे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात एखादा म्हातारा घोडा दिसेनासा झाला आणि मालकाला विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: ‘गावाला पाठवला.’ रायडिंग क्लासची मुलं विचारतात, आमचा नेहमीचा घोडा कुठंय? गावाला गेला. दर वर्षी वरातीला येणारी पांढरी घोडी यंदा का नाही? गावाला पाठवली. मी हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नऊ वर्षांची होते. आज मला 63 पूर्ण आहेत आणि त्या गावाचं नाव मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पत्र आत्ताच लिहिण्याला कारण आहे. लग्नसराई संपत आली. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत वराती बंद. ज्याच्या दावणीला चार घोडी आहेत आणि त्यातली एक अठरा-वीस वर्षांची झाली आहे, त्याला पुढचे चार महिने तिला बसून खायला घालायचं असतं आणि पुढच्या मोसमात ती उभी राहील याची खात्री नसते. मी म्हाताऱ्या घोड्यांसाठी एक कुरण चालवते. तिथे नऊ वर्षांत तेरा म्हातारे घोडे-घोड्या आल्या. त्यांतल्या आठ मे-जूनमध्येच आल्या. म्हणून हे दिवस जवळ आले की माझा जीव खालीवर होतो.

माझं माहेर नाना पेठेतलं. वडील टांगेवाले, पुणे स्टेशनच्या स्टँडवर टांगा लावायचे. मोत्या आमचा घोडा, कुमैत रंगाचा, कपाळावर पांढरा चांद. त्याचा उजवा गुडघा सुजून तो लंगडायला लागला. 1971 सालची गोष्ट. एका दुपारी शाळेतून आले तर दावण मोकळी. आई म्हणाली, गावाला पाठवला. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी नोकरीला लागल्यावर कितीतरी वर्षांनी त्यांनी सांगितलं की एका व्यापाऱ्याला 90 रुपयांना दिला, आणि त्याच पैशांतून पुढच्या घोड्याचा विसार भरला. मी त्यांना कधीच दोष दिला नाही. सात माणसांचं घर त्या एका घोड्याच्या टापांवर चालायचं. उभ्या घोड्याला चारायची त्यांची ऐपतच नव्हती. पण मोत्या त्या दुपारी कुठल्या रस्त्याने गेला असेल, हा विचार मी अजून करते.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर सासरच्या जमिनीवर मी हे काम सुरू केलं. जमीन पुरंदर तालुक्यात, गराड्याच्या बाजूला. सात एकर, मुरमाड, पिकाला फारशी उपयोगाची नाही. धाकट्या दिरांनी तिथे दोनदा भुईमूग घेऊन हात टेकले. घोड्यांना मात्र हीच जमीन मानवते. काळ्या रानात पावसाळ्यात घोडा गुडघ्याइतका रुततो, खुरं सतत ओली राहून सडतात. मुरमात पाणी ठरत नाही आणि नाल काढलेल्या खुरांना घासायला टणक जमीन मिळते.

इंग्लंडमध्ये या व्यवस्थेला ‘ग्रास लिव्हरी’ म्हणतात. घोडा मालकाचाच राहतो. मालक महिन्याचे पैसे भरतो आणि कुरणवाला घोड्याला इतर घोड्यांबरोबर गवतावर मोकळं ठेवतो, रोज त्याच्यावर नजर ठेवतो. म्हाताऱ्या घोड्यांसाठी वेगळी कुरणंच असतात. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालत नाही, हे मी पहिल्याच उन्हाळ्यात शिकले. तिकडे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. आपल्याकडे जुलै ते नोव्हेंबर रान हिरवंगार, आणि मार्चमध्ये त्याच रानात नुसता फुफाटा. घोड्याला रोज सात-आठ किलो सुका चारा लागतो. डिसेंबर ते जून मोजलं तर एका घोड्याला दीड टनाहून जास्त साठा हवा. त्यामुळे सात एकरांत मी सहापेक्षा जास्त घोडे कधी घेत नाही. रानाचे तीन तुकडे केले आहेत, एकात चरणं चालू असतं, बाकीचे दोन वाढतात. बांधावर काटेरी तार अजिबात नाही; घोडा बिथरला की तारेत पाय चिरून घेतो. बल्ल्या रोवल्या आहेत. कुंपणाला पूर्वी कण्हेर होती, ती मुळासकट काढली, कारण कण्हेरीची थोडी पानंही घोड्याचा जीव घ्यायला पुरतात. घाणेरी दर वर्षी उपटावी लागते, ती काही संपत नाही.

गवताचंही एक वेळापत्रक असतं. पवना, मारवेल उत्तम. कुसळीचं गवत कोवळं असताना घोडे आवडीने खातात, पण दसरा उलटला की तिची कुसळं पिकतात आणि तोंडात, हिरड्यांत, डोळ्यांत घुसतात. पहिल्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. एका घोडीने चारा सोडला, तोंडातून लाळ गळायला लागली. डॉक्टरांनी तोंड उघडलं तर जिभेखाली कुसळांचा पुंजका रुतलेला. तेव्हापासून कुसळीचा तुकडा पिकायच्या आधी कापून टाकतो.

आमच्याकडचे साईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, सगळे त्यांना चाचा म्हणतात, चाळीस वर्षं रेसच्या तबेल्यांत होते. दर पावसाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सहून घोड्यांबरोबर पुण्याला यायचे. त्यांचं एक वाक्य मी नेहमी सांगते: ‘बाई, घोड्याला रिटायर व्हायला शिकवावं लागतं.’ ते खरं आहे. राणीचं सांगते.

राणी वरातीची घोडी, पांढरी, नाचायला शिकवलेली. चार वर्षांपूर्वी टेम्पोतून उतरली तेव्हा शेपटीची मेंदी अर्धी उतरलेली, मागच्या खुरांच्या वर पिछाडीच्या दोरीचे घट्टे पडून केस गेलेले. तोंड उघडलं तर जिभेवर आडवा वण, काटेरी लगामाचा. (असा लगाम वापरायला 1965 च्या नियमांनी बंदी आहे. तरी वापरतात.) चाचांनी तिचं दावं काढलं, मोरखी काढली आणि बाजूला झाले. रान समोर मोकळं होतं. राणी जागची हलली नाही. मागचे पाय दोरीने ताणल्यासारखे तसेच ठेवून उभी राहिली. संध्याकाळ झाली, अंधार पडला, ती तिथेच. आम्ही गवताची पेंढी तिच्यासमोर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती दहा-बारा पावलं गेली आणि पुन्हा थांबली. सहाव्या दिवशी दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते, चाचांनी हाक मारली. राणी मुरमाच्या उघड्या तुकड्यावर गुडघे मोडून खाली बसली, एका कुशीवर पडली आणि चारही पाय वर करून लोळली. या कुशीवरून त्या कुशीवर. उठून अंग झटकलं तेव्हा पांढरी घोडी तांबडी झाली होती. चाचा म्हणाले, ‘आता ही राहिली.’

अजूनही गावात वरात निघाली आणि बँडचा आवाज रानापर्यंत आला की राणी चरता चरता मान वर काढते आणि पुढचे पाय एकेक करून उचलायला लागते. कोणी सांगत नाही, कोणी बघत नाही. बँड दूर गेला की थांबते. ते बघवत नाही मला. मी तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहते.

घोडा नीट सांभाळला तर पंचवीस, कधी तीस वर्षं जगतो. रेसचा घोडा बहुतेक वेळा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत ट्रॅकवरून उतरतो. वरातीची, फेऱ्यांची घोडी पंधरा-अठरापर्यंत ओढते. म्हणजे कामानंतर दहा वर्षं, रेसच्या घोड्याच्या बाबतीत त्याहूनही जास्त, उरतात. घोडा घेताना ही वर्षं कोणी हिशेबात धरत नाही. मला या पत्रातून एवढंच मागायचं आहे की ती हिशेबात धरा, घोडा कमावता असतानाच धरा. वरातीच्या प्रत्येक सुपारीमागे, रायडिंगच्या प्रत्येक फीमागे, रेसच्या बक्षिसातून थोडे पैसे त्या घोड्याच्या नावाने बाजूला पडायला हवेत.

मी महिन्याला एका घोड्यामागे नऊ हजार घेते. यात चारा, चाचांचा पगार, दर सहा-सात आठवड्यांनी नालबंदाकडून खुरं कापून घेणं, जंताचं औषध आणि धनुर्वाताची लस आलं. आजारपण वेगळं. गेल्या उन्हाळ्यात कडबा शंभर पेंढ्यांना तीन हजारांवर गेला तेव्हा मार्च ते जून मला पदरचे घालावे लागले, पण पावसाळ्यात तेवढे वाचतात. वरातवाल्या मालकांकडून निम्मेच घेते, ज्यांना तेही जमत नाही त्यांनी एखाद दिवस येऊन गंजी रचायला, लीद उचलायला मदत करावी. दोघंजण खरोखर येतात.

पैसे घेते म्हणून माझ्यावर टीका होते, भूतदयेचा धंदा केला म्हणतात. माझं म्हणणं आहे की पैसे घेतल्यामुळेच मालकाचं घोड्याशी नातं टिकतं. फुकट ठेवून घेतलेल्या घोड्याला भेटायला कोणी येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आणि पैसे घेऊनही फसवणूक व्हायची ती होतेच. पुण्यातल्या एका गृहस्थांनी सतरा वर्षांचा सुलतान आणून सोडला. मुलीने त्याच्यावर स्पर्धांत बक्षिसं मिळवली होती, ती परदेशी गेली. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले, दोनदा गाजरं घेऊन आले, सुलतानच्या गळ्यात पडून रडले. चौथ्या महिन्यापासून फोन बंद. सोसायटीत जाऊन चौकशी केली तर घर विकून गेलेले. सुलतान आमच्याकडेच आहे. मोटारीचा आवाज आला की अजून फाटकाशी येतो. तेव्हापासून मी करारपत्र केल्याशिवाय घोडा घेत नाही: दोन माणसांचे पत्ते, आणि मालक सापडला नाही तर उपचाराचा निर्णय कोणी घ्यायचा, हे त्यात लिहिलेलं असतं.

प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. दशकं लोटली, आकडा आजही तोच. एवढ्यात घोड्याची एका दिवसाची कुट्टी येत नाही.

काही वाचक म्हणतील, आमच्या फार्महाऊसवर भरपूर जागा आहे, एखादा म्हातारा घोडा आणून सोडू. कृपा करून असं सोडू नका. घोडा एकटा राहू शकत नाही, त्याला सोबत लागते. शिवाय म्हातारा घोडा गवतावर उभा राहून उपाशी मरू शकतो. त्याच्या दाढा आयुष्यभर वर येत असतात आणि झिजतही असतात. झीज वेडीवाकडी झाली की वरच्या दाढांची बाहेरची टोकं गालात घुसतात आणि खालच्यांची आतली टोकं जिभेत. घोडा गवत तोंडात घेतो, घोळवतो आणि अर्धवट चावलेली ओली गुंडाळी टाकून देतो. रानात अशा हिरव्या गुंडाळ्या दिसल्या की समजायचं, कोणाच्या तरी पोटात काही जात नाहीये. लांबून बघणाऱ्याला घोडा दिवसभर चरताना दिसतो आणि महिन्याभरात त्याच्या फासळ्या वर येतात. डॉक्टर कानशीने टोकं घासून देतात. ज्यांच्या दाढाच संपल्या आहेत त्यांना आम्ही बारीक कुट्टी, गव्हाचा कोंडा आणि हरभऱ्याचा भरडा भिजवून, मऊ करून देतो. सुलतानला दिवसातून चार वेळा असं लागतं.

फार्महाऊसवाल्यांकडे मला वेगळीच गोष्ट मागायची आहे. पुरंदर, भोर, मुळशी या भागांत शेकडो प्लॉटांवर पावसाळ्यात कमरेएवढं गवत उभं राहतं. ते कोणी कापत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटवून देतात किंवा वणव्यात जातं. मी घाट उतरताना रात्री डोंगरावर त्या आगीच्या रेघा बघते आणि मला त्यात सहा घोड्यांचा उन्हाळा जळताना दिसतो. आपल्या प्लॉटवरचं गवत दसऱ्याच्या सुमारास आम्हाला कापू द्या. माणसं आमची, टेम्पो आमचा. गाजरगवत आणि घाणेरी वेगळी काढून चांगलं गवत तेवढं आम्ही नेऊ. गेल्या वर्षी फक्त तीन प्लॉटमालकांनी होकार दिला, तर आमच्या दोन घोड्यांचा उन्हाळा निघाला.

पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यातच आहे, औंधला. त्यांना माझी विनंती आहे की म्हाताऱ्या घोड्यांच्या अशा कुरणांची नोंद ठेवावी, वर्षातून एकदा येऊन पाहणी करावी, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून द्यावी. हा रोग माणसालाही होतो, आणि कुठून कुठून आलेले घोडे एकत्र ठेवणाऱ्याने तपासणीशिवाय घोडा आत घेऊच नये. पाहणी झाली तर माझ्याही चुका कोणीतरी दाखवील. सध्या भोसरीच्या पांजरपोळाचं नाव माहीत असलेले लोक म्हातारी गाय कुठे न्यायची ते सांगू शकतात. घोड्याचं कोणी सांगू शकत नाही. भीमथडीचा घोडा आपल्याच मातीतला, त्याला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली, त्याचं कौतुक सगळीकडे चाललं आहे. तो घोडाही म्हातारा होणारच.

शेवटाबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण मालक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. आमच्याकडून नऊ घोडे गेले. त्यांतले चार आपले आपण, झोपेत किंवा सावलीत. पाचांना डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पठाण नावाचा काठेवाडी घोडा पोटशुळाने रात्री पडला आणि सकाळपर्यंत उठला नाही. चार माणसं, दोर, डॉक्टर, सगळं झालं. त्याचे डोळे खोबणीत गेले होते आणि तो मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता. मी वारकरी घरातली आहे, जीव घ्यायचा शब्द तोंडातून निघेना. चाचांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, ‘बाई, आता थांबवायचं नसेल तर तुम्ही इथं बसा.’ मी हो म्हटलं. त्या निर्णयाचं मला दुःख आहे, पश्चात्ताप नाही. जेसीबीने आठ फूट खड्डा घेतला, मीठ टाकलं, लगेच बुजवला. इंजेक्शन दिलेलं कलेवर उघडं ठेवलं तर ते खाणारी कुत्री आणि गिधाडंही मरतात. वेदनेत असलेल्या जनावराला असं सोडवण्याची मुभा कायद्यातही आहे. मालकांनी हा निर्णय माझ्याबरोबर उभं राहून घ्यावा. पाचांपैकी दोनच मालक आले.

थोड्याच दिवसांत माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्या तालुक्यात येईल. पुढे रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मीही लावली आहे. ती माती लावणाऱ्या हातांकडेच मी हे मागते आहे, म्हणून मला संकोच वाटत नाही.

सध्या आमच्याकडे चार घोडे आहेत, दोन जागा रिकाम्या आहेत. माझा पत्ता आणि फोन आपल्या कचेरीत दिला आहे, विचारणाऱ्याला जरूर द्यावा. ज्यांना घोडा आणायचा आहे त्यांनी पाऊस धरायच्या आत आणावा. तबेल्यात कोरड्या चाऱ्यावर वाढलेला घोडा एकदम ओल्या हिरव्या गवतावर सोडला तर त्याचं पोट बिघडतं, खुरांच्या आत सूज येते, आणि मग तो पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभा राहतो. ती सूज पुष्कळदा कायमची. आम्ही पहिल्या दिवशी अर्धा तास सोडतो, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, असं करत तीन आठवड्यांनी पूर्ण मोकळा. येताना त्याचा नेहमीचा चारा आठ दिवसांचा बरोबर द्यावा, रक्ततपासणीचा कागद आणावा, आणि नाल आदल्या आठवड्यात काढून घ्यावेत. त्याला ज्या नावाने हाक मारता ते नाव चाचांना नीट सांगावं. आम्ही नावं बदलत नाही.

आपली,
एका टांगेवाल्याची मुलगी
(निवृत्त शिक्षिका), पुणे